साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे मूळ

जालना : डेंग्यूचे रुग्ण वाढले की धूरफवारणीची मागणी होते, रोगाचे मूळ मात्र नळाच्या वेळापत्रकात दडलेले असते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख ८५ हजार लोकसंख्येच्या या शहराने निजामकालीन घाणेवाडी तलावाच्या भरवशावर दीर्घकाळ तहान भागविली. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरचा आधार घ्यावा लागला. पुढे जायकवाडीचे पाणी आले, तरी साठवणुकीची सवय सुटलेली नाही. तिला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

एडिस डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळण्याचा आग्रह आरोग्य यंत्रणा धरते. परंतु पुढचे पाणी कधी येईल याची शाश्वती नसलेली गृहिणी भरलेला रांजण कसा ओतणार? बंगल्यांतून झाकणबंद टाक्या असतात. दाट वस्तीतील एका खोलीच्या घरात उघडी पिंपेच. धूरफवारणीने उडते डास मरतात, पिंपातील अळ्या तशाच राहतात.

२०२३ मध्ये जालन्याला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. पाणीपुरवठा व आरोग्य विभागांनी एकत्रित वेळापत्रक आखून ते आधी जाहीर केल्यास नळ येण्याच्या दिवशीच, पाणी भरण्यापूर्वी, पिंपे घासून कोरडी करता येतील. त्यासाठी वेगळ्या निधीचीही गरज नाही.