दुरुस्तीस दिलेली मोटार



खानापूरच्या बाजूने आलेले एक पत्र गेले दोन आठवडे या सदराच्या कागदांत पडून आहे. पत्र लांबलचक आहे, आणि त्यातील संताप न्याय्य आहे. हकीकत थोडक्यात अशी. घरात एक लहान मोटार आहे. चैनीसाठी घेतलेली नव्हे. वृद्ध वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावास न्यावे लागते, आणि परतीच्या वेळी त्यांच्या अंगात बसगाडीच्या पायरीवर चढण्याचेही त्राण नसते, म्हणून कर्ज काढून ती घेतलेली. वार्षिक सर्व्हिसिंगसाठी मोटार विक्रेत्याच्याच गॅरेजात दिली. सात हजारांचा अंदाज सांगण्यात आला आणि परवा घेऊन जा, असे आश्वासन मिळाले. मोटार मिळाली अकराव्या दिवशी. बिल झाले सोळा हजारांच्या वर. आणि ज्या ब्रेकच्या कर्कश आवाजाची तक्रार मुद्दाम सांगितली होती, तो आवाज गॅरेजच्या फाटकाबाहेर पडताच पुन्हा सुरू झाला. परत जाऊन विचारले, तेव्हा टेबलामागील तरुणाने संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता उत्तर दिले, "काका, आमच्याकडे सगळं ओके दाखवतंय."

मधल्या दिवसांत वडिलांना भाड्याच्या गाडीने न्यावे लागले, तो खर्च निराळाच.

पत्राच्या शेवटी जो प्रश्न आहे, त्यामुळे हे पत्र बाजूस सारता आले नाही. पत्रलेखक विचारतात: "आपण ख्रिस्ती माणसांनी अशा वेळी भांडावे की सोसावे? घरात दोन मते आहेत. आई म्हणते, देवावर सोपव."

त्या माउलीविषयी पूर्ण आदर राखून सांगावेसे वाटते की, क्षमा करणे वेगळे आणि न झालेल्या कामाचे पैसे मुकाट्याने देणे वेगळे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेचे विवेचन आहे. चोरी म्हणजे केवळ दुसऱ्याच्या पेटीत हात घालणे नव्हे, असे तेथे स्पष्ट केलेले आढळते. खोटी बिले करणे आणि काम वाईट रीतीने करणे यांचीही गणना त्याच आज्ञेच्या भंगात केलेली आहे. तेव्हा वाईट काम करून पुरा मोबदला घेणाऱ्यास त्याची चूक दाखविणे हे भांडखोरपणाचे लक्षण होत नाही. शिवाय आपण गप्प राहिलो, तर आपल्या मागून त्याच टेबलापुढे उभी राहणारी विधवा किंवा अडाणी शेतकरी यांचाही तोटा आपण मान्य केला, असे होते.

मात्र कसे भांडावे, याला एक रीत आहे, आणि ती संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेली आहे. बंधूने अपराध केला, तर प्रथम त्याला एकांतात गाठून सांगावे. न ऐकल्यास एक-दोन साक्षीदार घेऊन जावे. तेही निष्फळ ठरल्यास मंडळीपुढे ठेवावे. ही शिकवण मोटारीच्या गॅरेजसाठी दिलेली नव्हे, हे उघड आहे. तरी तिच्यातील क्रम येथे इतका चपखल लागू पडतो की, आपल्यापैकी बहुतेकजण नेमका उलट मार्ग का धरतात, याचे आश्चर्य वाटते. पहिल्याच दिवशी दहा गिऱ्हाइकांसमोर आरडाओरडा करायचा, गावभर बदनामी करायची, आणि लेखी कागद मात्र एकही ठेवायचा नाही, हीच आपली चाल!

ओरडण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे की, आपण ज्याच्यावर ओरडतो तो बहुधा दोषी नसतो. मोटारीखाली आडवा होऊन नट पिळणारा मुलगा आपल्याच घरांतला असतो. डॉन बॉस्कोच्या तंत्रशाळांतून आणि सरकारी आय. टी. आय.मधून शिकून निघालेली आपली कितीतरी मुले अशा गॅरेजांतून राबत आहेत. १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफाचा सण पाळतो, तो याच हातांच्या सन्मानार्थ. त्या मुलाला दिवसाला किती गाड्या उरकायच्या, हे वर बसलेला कोणी ठरवितो. आणि गिऱ्हाइकाच्या माथी कोणते जादा काम मारायचे, हेही टेबलाशीच ठरते. म्हणून बोलायचे ते सर्व्हिस मॅनेजरशी, आणि शांतपणे.

आता कागदांविषयी. मोटार गॅरेजात देताना जो तक्ता भरला जातो, त्याला तेथे जॉब कार्ड म्हणतात. आपण तो न वाचता सही करून देतो. वास्तविक सारे पुढचे प्रकरण त्या एका कागदावर उभे असते. मोटार किती किलोमीटर चालली, टाकीत इंधन किती, स्टेपनी व जॅक जागेवर आहेत की नाहीत, आणि मुख्य म्हणजे आपली तक्रार काय, हे त्यावर आपल्या शब्दांत लिहवून घ्यावे. नुसते "ब्रेक चेक" असे लिहिले, तर त्यांनी ब्रेक पाहिला आणि काम संपले! "पुढच्या डाव्या चाकाशी, हळू वेगात ब्रेक दाबताच कर्कश आवाज येतो" असे लिहिले, तर तो आवाज गेल्यावाचून काम पुरे झाले असे कोणास म्हणता येत नाही. अंदाजाची रक्कम व मोटार परत देण्याची तारीखही तेथेच असावी, आणि "अंदाजाहून अधिक खर्च असल्यास आधी विचारावे" हे वाक्य आपल्या हाताने लिहावे. बदललेले जुने भाग परत हवेत, हेही आधीच लिहिलेले बरे. नंतर मागितल्यास ते भंगारात गेले असे उत्तर मिळते. वॉरंटीखाली फुकट बदलून मिळालेला भाग मात्र कंपनीकडे जातो, तो मागता येणार नाही.

बिल दुप्पट कसे होते, याचे रहस्य फारसे गूढ नाही. नवीन मोटारीच्या पहिल्या काही सर्व्हिसिंग "फुकट" असतात, त्या मजुरीपुरत्या. तेल, फिल्टर यांचे पैसे पडतातच. त्यावर मग इंजिन धुण्याचे औषध, इंजेक्टरची सफाई, एअर कंडिशनरचे निर्जंतुकीकरण, रंगावर चकाकीचा लेप अशी नावे बिलात येऊन बसतात. मोटारीबरोबर मिळालेले मालकाचे पुस्तक बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघत नाही. ते काढावे. किती किलोमीटरांनी किंवा किती महिन्यांनी काय बदलायचे, याचा तक्ता त्यात असतो. जे त्या तक्त्यात नाही आणि ज्याची आपली तक्रारही नाही, ते काम नको म्हणण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. कराचा आकडाही पाहावा: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट १८ टक्के झाला आहे, पूर्वी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता.

काम झाले की नाही, हे घरी तपासण्यासाठी मेकॅनिक असावे लागत नाही. मोटार सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, तेल मोजण्याची पट्टी काढून पुसावी व पुन्हा बुडवून पाहावी. तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. एअर फिल्टर बदलल्याचे पैसे घेतले असतील, तर त्याची पेटी पुष्कळ मोटारींत नुसत्या चापांनी बंद केलेली असते. उघडताच आतला कागद नवा की धुळीने माखलेला, हे शाळकरी मुलालाही कळते.

ब्रेकचे मात्र घरी प्रयोग करू नयेत. पुष्कळ मोटारींच्या ब्रेकपॅडला पत्र्याची एक लहान जीभ असते. पॅड झिजला की ती चकतीला घासून किंचाळते. ती किंकाळी म्हणजे बिघाड नव्हे, इशारा होय. पॅड नवे घातल्यावर थोडे दिवस बारीक आवाज येऊ शकतो. परंतु लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा आवाज येत असेल, किंवा पेडल खोल जात असेल, तर ती मोटार चालवू नये. गॅरेजला फोन करून ओढून नेण्यास सांगावे. पत्रलेखक याच मोटारीतून वडिलांना घाटवळणांच्या रस्त्याने नेत आहेत, हे वाचून या सदराच्या लेखकाने पत्राचे उत्तर अंकाची वाट न पाहता टपालाने आधी धाडले.

बिल भरल्यावाचून मोटार सोडत नाहीत, ही दुसरी तक्रार. येथे कायदा काही अंशी गॅरेजच्या बाजूने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणे, ज्याने वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च केले, त्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. तेव्हा मोटार जबरीने काढून आणण्याच्या फंदात पडू नये. पैसे भरावेत, पण बिलाच्या प्रतीवर "अमुक कामांविषयी हरकत राखून रक्कम भरली" असे लिहून सही व तारीख घालावी. त्याच कायद्याचे १५१ वे कलम गॅरेजवरही बंधन घालते: समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी त्यांनी आपल्या मोटारीची घेतली पाहिजे. मोटार आत असताना पोचा आला, तर "आमचे काही नाही" हे उत्तर चालत नाही.

मॅनेजरने ऐकले नाही, तर दुसरी पायरी लेखी पत्राची. एक प्रत विक्रेत्यास, एक मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागास, पोच घेऊन. दोन्ही ठिकाणी का, हे समजून घ्यावे. गोव्यातील एका खरेदीदाराला जुन्या वर्षाची मोटार नवी म्हणून विकली गेली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२१ साली न्यायालयाने ठरविले की, विक्रेत्याच्या अशा कृत्याची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाल्यावाचून कंपनीला त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही. म्हणजे वरच्या पाटीवर कंपनीचे नाव असले, तरी आतला व्यापारी स्वतंत्र असतो. वाईट मजुरीचा दोष त्याचा, मूळ बांधणीतील दोष कंपनीचा. पत्रात कोणता दोष कोणाचा, हे वेगळे मांडावे.

याच सुमारास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीला फोन करता येतो. मराठी व कन्नड यांसह अनेक भाषांत तेथे बोलता येते, आणि खर्च नाही. तिला निकाल देण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचविते, एवढेच. तरी पुष्कळदा तेवढ्यानेही टेबलामागील आवाज मवाळ होतो.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार देता येते. मोटार हुबळीस किंवा पणजीस घेतलेली असली, तरी खानापूरच्या माणसाला बेळगावातच दाद मागता येईल. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, ती मात्र विसरू नये. "पुढच्या सणानंतर बघू" म्हणताना वर्षे निघून जातात. आपली टॅक्सी स्वतः चालवून पोट भरणारा बांधवही या कायद्याने ग्राहकच ठरतो, धंदेवाईक म्हणून त्याला परत धाडता येत नाही. तडजोडीची शक्यता दिसल्यास आयोग दोन्ही पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवितो. तक्रार लवकर, काही महिन्यांतच निकालात काढावी असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे आधीच सांगितलेले बरे.

जाता जाता: १९८६ च्या पहिल्या ग्राहक कायद्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबरला मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. आपण त्या दिवशी गोठा सजविण्यात आणि नेवऱ्या तळण्यात गुंतलेले असतो, त्यामुळे तो आपल्या कानावर आला नसल्यास नवल नाही.

पत्रलेखकांचे दुसरे पत्र परवा आले. आमचे उत्तर मिळताच त्यांनी मोटार उभी करून ठेवली, आणि गावातील एका जाणत्या मेकॅनिककडून ब्रेकच्या स्थितीविषयी दोन ओळी लेखी घेतल्या. मग थोरल्या भावाला सोबत घेऊन ते मॅनेजरना भेटले. बिलात पुढच्या पॅडचे पैसे होते. चाक काढून दाखविले, तेव्हा पॅड जुनेच निघाले. नवे पॅड त्याच दिवशी बसविण्यात आले, त्यांचे पैसे पुन्हा घेतले नाहीत, आणि न सांगता केलेल्या इंजिनाच्या धुलाईची रक्कमही परत मिळाली. भाड्याच्या गाडीचा खर्च देण्यास मात्र मॅनेजर तयार नाहीत. त्याबद्दलचे पत्र कंपनीला गेले आहे. पावत्या जोडल्या आहेत, आणि पत्राची नक्कल आईने स्वतः घडी करून कपाटात ठेवली आहे.