हातातला खेळ आणि गोष्टीतला ‘तू’



एका संपर्कसत्रात ‘निवेदक आणि निवेदन’ हा घटक शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, उदाहरण म्हणून गेममधली गोष्ट लिहिली तर चालेल का?” वर्गात हशा पिकला. “चालेल,” असे मी म्हणालो. पण कोणती गोष्ट आणि ती का, हे सांगण्याइतका वेळ उरला नव्हता. ते राहिलेले उत्तर या लेखात देत आहे. ते माझे मत आहे, आणि तुम्ही ते तपासून घ्यावे.

प्रथम मर्यादा स्पष्ट करू. येथे विचार करायचा आहे तो हातात धरून खेळावयाच्या कन्सोलवरील ‘रोल प्लेइंग गेम’चा. त्याला आपण ‘भूमिकाखेळ’ म्हणू. या खेळात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याच्या नावाने प्रवास करतो, भेटेल त्याच्याशी बोलतो आणि हळूहळू बळ मिळवतो. गेम बॉय, निन्टेन्डो डीएस, पीएसपी ही या यंत्रांची परिचित नावे. आपल्या जिल्ह्यात ही यंत्रे फारशी कोणाकडे नसतील. परंतु त्यांवरील काही खेळ पुढे मोबाइलवरही आले, आणि मोबाइल तर प्रत्येक अभ्यासकेंद्रात खिशाखिशांत आहे.

‘हे साहित्य नव्हे’ असा आक्षेप येईल. तो माध्यमावरून घेतला जात असेल, तर त्याचे उत्तर आंबेजोगाईतच आहे. दासोपंतांनी पंचीकरण लिहिले ते कागदावर नव्हे, लांबच लांब कापडावर. त्या ‘पासोडी’ला केवळ ती कापड आहे म्हणून वाङ्मयेतिहासातून कोणी वगळले नाही. ‘येथे दुसऱ्याची भूमिका घ्यावी लागते, म्हणून हा पोरखेळ’ असे कोणी म्हणेल, तर त्याने गोदावरीकाठच्या पैठणकडे पाहावे. एकनाथांच्या भारुडांतील ‘मी’ नाथांचा नसतो, तो घेतलेल्या सोंगाचा असतो. सोंग घेऊन सत्य सांगण्याची रीत आपल्याला नवी नाही. भारुडात सोंग सादर करणारा घेतो आणि श्रोता पाहतो. भूमिकाखेळात ते श्रोत्यालाच घ्यावे लागते. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

या फरकातूनच माझी कसोटी निघते. ज्या गोष्टीतून खेळणाऱ्याचा हात काढून घेतला तरी ती तशीच्या तशी कादंबरीत सांगता येते, ती गोष्ट चांगली असू शकेल. पण ती खेळाची गोष्ट नव्हे. जेथे खेळणाऱ्याने काही केल्यामुळे, किंवा त्याला काहीच करता न आल्यामुळे अर्थ निर्माण होतो, ती भूमिकाखेळातील उत्तम गोष्ट. या कसोटीवर मी तीन खेळांची नावे घेईन.

पहिले स्थान माझ्या मते ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’चे. युजी होरी यांच्या कल्पनेतून उतरलेला हा जपानी खेळ मूळचा १९९२ चा, घरगुती कन्सोलवरचा. २००८ मध्ये तो निन्टेन्डो डीएसवर आला. नायकाच्या बालपणापासून तो बाप होईपर्यंतचा काळ यात येतो. वडील डोळ्यांदेखत मारले जातात. मुलगा दहा वर्षे गुलामगिरीत दगड वाहतो. पुढे लग्न करतो, त्याला जुळी मुले होतात, आणि मग तो स्वतःच दगडाचा पुतळा होतो. आठ वर्षे तो कोणा धनिकाच्या बागेत उभा आहे. ऋतू पालटतात, त्या घरातले मूल मोठे होते, आणि नायकाची स्वतःची मुले मात्र कुठेतरी त्याच्यावाचून वाढत असतात. एरवी सतत काही ना काही करणाऱ्या खेळणाऱ्याच्या हाती या प्रसंगात पाहत राहण्यापलीकडे काहीही नाही. ही असहायता कादंबरीत वर्णन करता येते. येथे ती बोटांना जाणवते. शेवटचा पेच तर याहून मार्मिक आहे. ज्या दैवी वीराचा शोध बापाने घेतला, मुलाने घेतला, तो वीर आपण नव्हेच. तो आपला मुलगा आहे. ज्याची भूमिका घेऊन आपण इतके चाललो, तो केवळ मधला दुवा ठरतो. नायकत्वाच्या कल्पनेवर इतके शांत भाष्य मी क्वचितच पाहिले आहे.

दुसरा खेळ ‘मदर ३’. शिगेसातो इतोई हे मूळचे जाहिरातलेखक. त्यांनी लिहिलेला हा खेळ २००६ मध्ये जपानमध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर आला. त्यातील गावात आरंभी पैसा नावाची वस्तूच नाही. मग बाहेरची माणसे येतात. पैसा येतो, घरोघर करमणुकीच्या पेट्या येतात, आणि ज्यांनी त्या नाकारल्या त्यांच्याकडे गाव संशयाने पाहू लागते. आई गमावलेल्या एका मुलाच्या दुःखातून हे सारे आपण पाहतो. वाटेत खेळ एकदा खेळणाऱ्याचे स्वतःचे नाव विचारून ठेवतो, आणि अखेरीस काळ्याभोर पडद्यावर पात्रे त्याला त्याच नावाने हाक मारतात. या खेळाची अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघाली नाही; २००८ मध्ये चाहत्यांनीच तो पदरमोड करून इंग्रजीत आणला. ज्या गोष्टीसाठी वाचक स्वतः अनुवादक होतो, तिच्या थोरवीला वेगळे प्रमाणपत्र नको.

तिसरा ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’. मूळ खेळ १९९७ चा. २००७ मध्ये पीएसपीवर आला. त्याचा निवेदक हा काही शतकांनंतरचा इतिहासकार आहे. इतिहासाने एकाला वीर ठरवले आणि दुसऱ्याचे नाव पुसून टाकले. धर्मसत्तेने दडवलेल्या कागदांच्या आधारे हा इतिहासकार त्या पुसलेल्या माणसाची कहाणी मांडतो. आपण खेळतो ती त्या पुसलेल्या माणसाची भूमिका. कथानकाला वळण देणारे निर्णय येथे खेळणाऱ्याच्या हाती फारसे नाहीत, हा दोष मी मान्य करतो. तरीही जे इतिहासाला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, कारण ते आपण केलेले आहे. भाषेच्या अभ्यासकासाठी यात आणखी एक धडा आहे. पहिला इंग्रजी अनुवाद इतका ओबडधोबड होता की कथानकाचा धागाच हरवत असे. पीएसपीसाठी तो नव्याने, जुन्या वळणाच्या भारदस्त इंग्रजीत केला गेला. घटना त्याच राहिल्या आणि गोष्ट मात्र उंचावली.

यादीत ‘पोकेमॉन’ का नाही, असे कोणी विचारील. १९९६ मध्ये गेम बॉयवर आलेल्या त्या खेळाचे कथानक अगदी पातळ आहे. त्याची खरी गोष्ट दोन यंत्रे तारेने जोडून दोन मुले आपापले प्राणी अदलाबदल करीत त्या वेळी घडत असे. ती पडद्यावर लिहिलेली नव्हती. मात्र त्याच्या संवादचौकटीकडे लक्ष द्या. एका वेळी जेमतेम दोन ओळी, मग बटण, मग पुढच्या दोन ओळी. एवढ्याशा जागेत पात्र उभे करावयाचे म्हणजे शब्द तोलूनमापून वापरावे लागतात. ओवीच्या साडेतीन चरणांत आशय बसवणाऱ्या परंपरेच्या वारसांना हे बंधन परके वाटू नये. आणि हातातले यंत्र कुठेही मिटून ठेवता येते, पुन्हा तेथूनच उघडता येते. रोज एक अध्याय वाचून पोथी फडक्यात बांधून ठेवणाऱ्या आपल्या आजीला ही वाचनपद्धती सहज समजली असती.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. असा खेळ मराठीत लिहावयाचा झाला, तर पहिल्याच वाक्यात अडचण येते. भूमिकाखेळ खेळणाऱ्याशी द्वितीय पुरुषात बोलतो. ‘तू गावात आला–’ येथवर लिहिले की लेखणी थांबते: ‘आलास’ की ‘आलीस’? इंग्रजी वा जपानी क्रियापद कर्त्याचे लिंग सांगत नाही; मराठी क्रियापद सांगते. वर्तमानकाळात ‘तू वाचतोस’, ‘तू वाचतेस’ असा भेद अटळ आहे. आपल्या मराठवाड्याच्या बोलीत ‘काय करायलास?’ आणि ‘काय करायलीस?’ हे प्रश्नच वेगळे आहेत. ‘पर्सोना ३’ची २००९ ची पीएसपी आवृत्ती घ्या. तिच्यात नायक मुलगा की मुलगी हे खेळणारा आरंभी ठरवतो, आणि त्यानुसार नाती व संवाद बदलतात. मराठीत मात्र त्यासोबत क्रियापदे ओळीओळीला बदलावी लागतील.

परंतु मराठीने यातून वाटही ठेवली आहे, आणि ती तुम्ही व्याकरणाच्या घटकात शिकला आहात. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जाते. ‘तू पत्र वाचलेस’, ‘तू दिवा लावलास’, ‘तू चिठ्ठी फाडलीस’: येथे कर्ता पुरुष की स्त्री हे कळत नाही. भविष्यकाळात ‘तू जाशील’, आज्ञार्थात ‘जा’, येथेही लिंगभेद नाही. ‘बोलणे’, ‘शिकणे’, ‘विसरणे’ ही क्रियापदे मात्र कर्म असूनही कर्त्याच्याच मागे जातात. ‘तू नाव विसरलास’ किंवा ‘विसरलीस’ असेच म्हणावे लागते. म्हणजे मराठी लेखकाला प्रत्येक वाक्यागणिक ठरवता येते, की या क्षणी खेळणाऱ्याची ओळख उघड करावी की झाकावी. ही अडचण नव्हे, हे सामर्थ्य आहे. पण ते जाणून वापरले पाहिजे. का, ते एका उदाहरणाने सांगतो.

भारतात असे खेळ बनू लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. तो काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नसला, तरी धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या एका डोंबारी मुलीची गोष्ट त्यात आहे, आणि देवांच्या पुराणकथा तिच्या वाटेत गुंफलेल्या आहेत. हे स्वागतार्ह आहे. पण आपली गोष्ट म्हणजे केवळ पुराणे नव्हेत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. प्रवास, फड, कोपी, पहाटेची मोळी, मागे राहिलेली मुले: भूमिकाखेळाला लागणारे सारे येथे आहे. आरंभाचा प्रसंगही ठरलेला आहे. मुकादम दारात येतो आणि उचल पुढे करतो. पडद्यावर दोन पर्याय: ‘हो’, ‘नाही’.

‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या १९८६ मधील पहिल्या खेळात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. राजकन्या मागणी करते. ‘नाही’ म्हटले की ती तोच प्रश्न पुन्हा विचारते, आणि ‘हो’ म्हणेपर्यंत विचारीत राहते. खेळणारे त्याला हसतात. उचलीचा प्रश्न असाच पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, तर कोणी हसणार नाही. पर्याय दिल्यासारखा दिसतो आणि उत्तर मात्र आधीच ठरलेले असते, हे आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरचे वास्तव आहे. ते समजावून सांगण्याऐवजी बोटांनी अनुभवायला लावणे, हे या माध्यमाला साधते.

आणि येथेच व्याकरणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ‘तू उचल घेतलीस.’ कर्मणी प्रयोग. ‘उचल’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘घेतलीस’. घेणारा पुरुष की स्त्री, हे वाक्य सांगत नाही. ऊसतोडीच्या हिशेबातही नेमके असेच घडते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. बाईची मजुरी त्या एका शब्दात विरून जाते. तेव्हा येथे लिंग झाकणारे वाक्य सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे. त्याच्या पुढचे वाक्य ‘तू फडात आलीस’ असे कर्तरी असले, की लपलेली बाई समोर येते. एका प्रत्ययाने भूमिका बदलते, आणि खेळणाऱ्या मुलाला कदाचित प्रथमच आपल्या आईच्या जागी उभे राहावे लागते.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: उदाहरण अवश्य लिहा, पण खेळाचे नाव सांगून आणि कथानकाचा गोषवारा देऊन थांबू नका. निवेदक कोण, ‘तू’ कोणाला म्हटले आहे, आणि खेळणाऱ्याचा हात काढून घेतला तर गोष्टीतले काय हरवते, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. तीन उत्तरे नीट लिहिली, तर उदाहरण कादंबरीचे की खेळाचे, याने परीक्षकाला फरक पडू नये.

जाता जाता एक स्वाध्याय. मुकादम उचल घेऊन दारात आला आहे, हा प्रसंग द्वितीय पुरुषी निवेदनात दहा वाक्यांत तीन वेळा लिहा: एकदा ‘तू’ पुरुष मानून, एकदा स्त्री मानून, आणि एकदा ‘तू’ कोण हे शेवटपर्यंत न कळू देता. मग तिन्ही लेखनांतील क्रियापदे अधोरेखित करा, आणि कोणत्या लेखनात कोणती गोष्ट सांगायची राहून गेली, ते वहीत नोंदवा. पुढील संपर्कसत्राला वही सोबत आणावी.