किल्ली कुणाच्या खिशात?

'सुपारी' आठवतो? 2003 चा हिंदी सिनेमा. उदय चोप्रा, राहुल देव, नंदिता दास. थिएटरात कधी आला नि कधी गेला, बहुतेकांना कळलंही नाही. पण बॉस, त्याच वर्षी तो चक्क 'काझा'वर विकायला ठेवला होता! काझा म्हणजे तेव्हाचा फुकट्यांचा राजवाडा. गाणी, सिनेमे, काय हवं ते एकमेकांच्या कॉम्प्युटरमधून उचलायचं. चोरीचा माल मिळतो त्याच बाजारात आपलंही दुकान टाकायचं, अशी ही सॉल्लिड आयडिया. किंमत सुमारे 3 डॉलर. म्हणजे डोळा परदेशातल्या देसी मंडळींवर, हे उघड आहे.

फंडा सोपा. फाइल कुलूपबंद. मी ती तुम्हाला दिली, तुम्ही मित्राला, त्याने बहिणीला, तरी कुणाची ना नाही. उलट जितके हात तितकं बरं, कारण माल पोचवायचा भार सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर वाटला जातो. मात्र प्ले दाबलं की लायसन्स हवं. पैसे भरा, किल्ली घ्या. ती किल्लीही तुमच्याच मशीनपुरती.

मग हे चाललं का नाही? एक तर काझाच कोर्टात अडकलं. 2006 मध्ये म्युझिक आणि फिल्म कंपन्यांना 10 कोटी डॉलरहून जास्त मोजून त्याने तडजोड केली. दुसरं, शेजारीच तोच सिनेमा बिनकुलपाचा मिळत असेल तर कुलूपवाला कोण घेणार? आणि तिसरं मला सगळ्यात खटकतं. किल्ली देणारा गाशा गुंडाळून गेला तर? 2007 मध्ये गूगल व्हिडिओने विक्री बंद केली आणि लोकांनी विकत घेतलेले व्हिडिओसुद्धा चालेनासे झाले. ओरड झाल्यावर पैसे परत मिळाले, पण पैसे मोजूनही वस्तू आपली नव्हती हे कळलं ना!

आजचा काझा म्हणजे आपलं व्हॉट्सअॅप. धरमपेठेत राहणारा माझा एक मित्र ऑफिस सुटल्यावर वऱ्हाडीत दीड-दोन मिनिटांचे कॉमेडी व्हिडिओ करतो. कॅमेरा, लाइट, सगळं पगारातून. गेल्या दिवाळीत त्याचाच व्हिडिओ त्याला फॅमिली ग्रुपवर आला. खाली कोपऱ्यातलं नाव कापलेलं, वर भलत्याच पेजचा शिक्का. मावशीने लिहिलं होतं, 'पाय रे, असं काहीतरी कर!'

यूट्यूबकडे कंटेंट आयडी आहे, तो व्हिडिओचा ठसा जुळवून कॉपी पकडतो. पण तो बड्या हक्कदारांनाच मिळतो, बाकीच्यांनी तक्रारीचा फॉर्म भरायचा. व्हॉट्सअॅपवर तर मेसेज एनक्रिप्टेड, तिथे ठसा बघणार कोण? कायदा आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर डिजिटल कुलूप फोडणं आणि मालकीची माहिती खोडणं, दोन्हीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2023 पासून सिनेमाच्या पायरसीला किमान तीन महिने. पण दीड मिनिटाच्या व्हिडिओसाठी पोलीस स्टेशनची पायरी कोण चढणार?

'सैराट'ची गोष्ट वेगळी. 2016 मध्ये पायरेटेड कॉपी फिरत असतानाही त्याने 100 कोटींच्या वर धंदा केला. माझ्या मित्राकडे थिएटर नाही, तिकीट नाही. त्याची कमाई म्हणजे त्याचं नाव, आणि नेमकं तेच कापलं जातं.

म्हणून त्याने आता आपलं देसी कुलूप काढलंय. नाव कोपऱ्यात टाकायचंच नाही. दर वीस सेकंदांनी एक तरी पात्र त्याला पूर्ण नावाने हाक मारतं, कधी शिवी घालून, कधी लाडाने. कापून दाखवा म्हणावं.