वाऱ्याच्या तराजूतला पासंग



नगरच्या आडते बाजारात किंवा दाळमंडईत जुन्या काट्यावर माल तोलताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही रीत ठाऊक असेल. दुकानदार आधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून तराजू उचलतो. एक पारडे किंचित झुकले, तर दुसऱ्या बाजूला चिंधी बांधतो किंवा खडा ठेवतो. त्या खड्याला पासंग म्हणतात. हा शब्द फारसीतून उर्दूत आणि मराठीतही आला. त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. पासंग न पाहता तोलले, तर दुकानदाराची नियत साफ असूनही गिऱ्हाईक रोज थोडेथोडे फसत राहते.

या महिन्यात ज्या तराजूविषयी लिहायचे आहे, तो जमिनीपासून सुमारे ३२० किलोमीटर उंचीवर फिरत होता आणि वारा तोलत होता. त्यातही एक पारडे झुकू लागले होते.

वारा तोलायचा कशासाठी, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला फार समजावून सांगायला नको. ‘मोसमी’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला. अरबी समुद्रावरून हे वारे बाष्प आणतात. सह्याद्री त्यातले बरेचसे आपल्याकडे ठेवून घेतो. त्यामुळे अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाऊस थांबता थांबत नाही आणि पाथर्डी-जामखेडकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. पेरणी कधी करायची, हा घरातल्या साऱ्या वर्षाचा प्रश्न असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा त्याचा तडाखा नगर-नाशिकपर्यंत पोहोचला. असे वादळ कुठे वळणार, हे बऱ्याच अंशी वरच्या थरांतले वारे ठरवतात.

हे वरचे वारे मोजायचे कसे? सुप्याजवळ कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या जमिनीलगतचा वारा सांगतील. मुंबई, नागपूर अशा केंद्रांवरून पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमाराच्या नोंदीसाठी फुगे सोडतात. त्यांना बांधलेले यंत्र वरची खबर देते. विमानेही नोंदी पाठवतात. पण समुद्राच्या मधोमध फुगा सोडायला कोण बसले आहे? तिथे उपग्रहच लागतात. इन्सॅट मालिकेतले उपग्रह सरकत्या ढगांवरून वाऱ्याचा वेग काढतात. २३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला ओशनसॅट-२ समुद्राच्या पाण्यावर उठणाऱ्या बारीक लाटा रडारने पाहून पृष्ठभागावरचा वारा सांगत असे. तरी एक जागा रिकामी राहत होती. आभाळ निरभ्र असेल तेव्हा पाच, दहा, पंधरा किलोमीटरवर वारा किती?

ती जागा भरण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेने २२ ऑगस्ट २०१८ रोजी ‘एओलस’ हा उपग्रह सोडला. ग्रीक दंतकथांमध्ये वाऱ्यांच्या रखवालदाराचे हे नाव आहे. लेसर किरणांनी थेट वारा मोजणारा हा पहिलाच उपग्रह. तो सेकंदाला सुमारे ५० वेळा अतिनील किरणांचा झोत खाली सोडी. हवेच्या रेणूंवर, धुळीवर, ढगांच्या थेंबांवर आपटून त्यातला अगदी थोडा प्रकाश परत येई. दीड मीटर व्यासाची दुर्बीण तो गोळा करी.

पुढचे तत्त्व नववी-दहावीच्या मुलांना समजेल असे आहे. भोंगा वाजवत येणारी गाडी जवळ येताना आवाज चढा लागतो, लांब जाताना उतरतो. प्रकाशाचेही तसेच होते. वाहत्या हवेवरून परतलेल्या प्रकाशाची कंपने किंचित बदलतात आणि त्या बदलावरून वेग निघतो. पण बदल किती नाजूक! वाऱ्याचा वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर प्रकाशातला फरक पंधरा कोटींत एक भाग एवढाच पडतो.

रेणूंवरून आलेला प्रकाश दोन वेगवेगळ्या गाळण्यांतून नेत. दोन्हींतून किती किती प्रकाश पलीकडे गेला, याची तुलना केली की वेग कळे. म्हणजे खरोखर दोन पारड्यांचा तराजूच. ही तुलना डिटेक्टर करी. डिटेक्टर म्हणजे प्रकाश पडला की विद्युतभार साठवणाऱ्या बारीक चौकोनांची, म्हणजे पिक्सेलांची, पट्टी. त्याच्या साठवणीच्या भागात प्रत्येक ओळीत १६ पिक्सेल आणि अशा २५ ओळी होत्या. वरच्या हवेतला प्रकाश आधी परततो, खालचा नंतर. म्हणून प्रत्येक ओळ एकेका उंचीच्या थराची.

आता बिघाड पाहू. डिटेक्टरवर प्रकाश पडला नाही, तरी उष्णतेमुळे प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडा भार जमतोच. तो कमी राहावा म्हणून एओलसचा डिटेक्टर उणे ३० अंश सेल्सियसला थंड ठेवलेला होता. तरीही काही पिक्सेल इतरांपेक्षा फार जास्त भार जमवू लागले. त्यांना ‘हॉट पिक्सेल’ म्हणतात. आपण तापट पिक्सेल म्हणू. अवकाशातले वेगवान कण सिलिकॉनच्या स्फटिकात शिरून अणू जागचे हलवतात, तेव्हा अशा जागा तयार होऊ शकतात.

परत येणारा प्रकाश मुळातच मूठभर. त्यात एका पिक्सेलने आपल्या पदरचा भार मिसळला की एक पारडे जड होई. मग सेकंदाला काही मीटर इतका खोटा वारा नोंदला जाई. सेकंदाला पाच मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर. झाडाच्या फांद्या हलवणारा वारा झाला हा, आणि तो मुळात नाहीच! शिवाय ओळ ठरलेली, म्हणून उपग्रह अरबी समुद्रावर असो की अटलांटिकवर, तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकीची साक्ष देई. वर्षे गेली तसे असे पिक्सेल वाढतच गेले.

आता ३२० किलोमीटर उंचावर जाऊन डिटेक्टर बदलणार कोण? शास्त्रज्ञांनी बाजारातलीच रीत वापरली, रिकामा काटा पाहण्याची. प्रकाश जमिनीवर आपटला की त्यानंतर परत येण्यासारखे काही उरत नाही. म्हणून थोडा वेळ डिटेक्टरच्या सगळ्या ओळी जमिनीच्याही खालच्या, म्हणजे लेसरचा प्रकाश परतूच शकत नाही अशा, थरांवर लावल्या. अशा वेळी डिटेक्टरने जे दाखवले ते सारे त्याच्या स्वतःच्या पदरचे. तेवढे प्रत्येक पिक्सेलच्या मोजणीतून वजा करायचे. जून २०१९ पासून ही दुरुस्ती रोजच्या मापांत होऊ लागली.

पण यात एक मेख होती. काही पिक्सेलांचा दोष कायम एकसारखा राही. त्यांचे एकदा मोजले की भागले. काही मात्र लहरी होते. तासन्‌तास एका पातळीवर राहत आणि अचानक दुसऱ्या पातळीवर उडी मारत. सकाळी पाहिलेला पासंग दुपारी लागू पडेना. म्हणून रिकामा काटा दिवसातून चार वेळा आणि पुढे आठ वेळा पाहावा लागला. दोन तपासण्यांच्या मध्ये पिक्सेलने उडी मारली असेल, तर तेवढ्या काळातली मापे संशयितच. म्हणून मूळ कच्च्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. पुढे त्याच नोंदी सुधारलेल्या पद्धतीने नव्याने तोलल्या.

या मेहनतीचे चीज झाले. इंग्लंडमधल्या युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने ९ जानेवारी २०२० पासून एओलसची मापे रोजच्या अंदाजात घेतली. थोड्याच दिवसांत टाळेबंदी आली, विमाने जमिनीवर बसली आणि त्यांच्याकडून येणाऱ्या वाऱ्याच्या नोंदी एकदम घटल्या. अशा वेळी हा दुखणाईत उपग्रह उपयोगी पडला. आपल्याकडे नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रानेही ही मापे आपल्या गणितात घेतली. तीन वर्षांसाठी पाठवलेला एओलस जवळजवळ पाच वर्षे राबला. २८ जुलै २०२३ रोजी त्याला जपून खाली आणून अंटार्क्टिकावरच्या वातावरणात जाळण्यात आले. त्याच्या पुढच्या पिढीची तयारी सुरू आहे.

अंदाज चुकला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते: “हवामानखातं काय, काहीही सांगतं!” मुले ते ऐकतात आणि यंत्राचा आकडा एक तर शंभर टक्के खरा किंवा साफ खोटा, असे समजून बसतात. त्यांना या दोन्हींच्या मधली गोष्ट दाखवायला हवी. निर्दोष यंत्र कुणाकडेच नाही. आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे त्याचा दोष शेवटचा कधी तपासला त्यावर ठरते. रक्तदाब मोजायचे घरचे यंत्र असो की शाळेच्या प्रयोगशाळेतला वजनकाटा, हा प्रश्न विचारायला मुलांना लाज वाटू नये.

एक छोटा प्रयोग सुचवते. रात्री दिवे घालवा. मोबाइलचा कॅमेरा काळ्या जाड कापडाने पूर्ण झाका. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल, तर दहा सेकंदांचा एक फोटो काढा आणि तसाच दुसरा काढा. दोन्ही फोटो मोठे करून पाहा. काळ्या पडद्यावर काही ठिपके दिसतील. दुसऱ्या फोटोत ज्यांची जागा बदलली, तो नेहमीचा गोंधळ. दोन्ही फोटोंत नेमक्या त्याच जागी असलेला ठिपका मात्र तापट पिक्सेल असण्याचा संभव आहे. काही फोन असे ठिपके स्वतःच पुसून टाकतात, त्यामुळे एकही दिसला नाही तरी हिरमुसू नका. मुलांना वहीत ठिपक्यांच्या जागा मांडू द्या आणि आठवड्याने तोच प्रयोग पुन्हा करू द्या. एखादा नवा ठिपका सापडला, तर तो का आला असेल हे त्यांनाच विचारा.