आहारशास्त्राला प्रवेश घेण्याआधी

बारावीचा निकाल लागला की मुलंमुली विचारू लागतात, ‘डाएटिशियन व्हायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?’ पालकांना काळजी असते नोकरीची. दोन्ही चौकशा रास्तच आहेत. पण पालकहो, त्याआधी एवढं विचारा, की ही पदवी घेतल्यावर आमच्या मुलीला नेमकं काय यायला लागेल? वजन उतरवायचे तक्ते आज मोबाइलवर फुकट मिळतात. तेवढ्यासाठी तीन-चार वर्षं आणि घरातला पैसा घालवू नका.

आधी शरीर कळायला हवं. मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या एखाद्या आजोबांना घरचे मायेनं रोज शहाळं देतात. रक्तदाब आहे म्हणून बाजारातलं कमी सोडियमचं मीठ आणतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि त्या मिठातही बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता आलं नाही तर रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावर बेततं. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलेल्या अशा रुग्णाच्या घरी भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्या, असं सांगावं लागतं. हाच सल्ला धडधाकट बाळंतिणीला दिला, तर तिच्या ताटातली जीवनसत्त्वं मोरीत जातील. कुणाला काय सांगायचं हे ठरवायला शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र पक्कं लागतं. म्हणून मुलांनो, पहिल्या वर्षाचे हे विषय ‘एकदाचे सुटले’ म्हणून मागे टाकू नका.

रक्तक्षयाचंच घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये तो आढळला. म्हणजे तुमच्या माझ्या घरातलीच गोष्ट. ‘पालक खा, बीट खा’ म्हणून भागत नाही. लोह कमी आहे, की बी-१२? पाळीत रक्त फार जातं का? जंत आहेत का? विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलची शक्यताही ध्यानात ठेवावी लागते. लोहच कमी असेल, तर जेवल्याजेवल्या घेतलेला चहा ते शोषू देत नाही आणि मटकीच्या उसळीवर पिळलेलं लिंबू मदत करतं, हे त्या बाईला पटेल अशा शब्दांत सांगता आलं पाहिजे.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे विचारणं, आणि मला ती सगळ्यात अवघड वाटते. ‘काल काय खाल्लं?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘नेहमीचंच, भाजी-भाकरी.’ इथून पुढे खरं काम. भाकरी कशाची, केवढी? आमटीची वाटी कोणती, दाखवता का? दिवसात चहा किती, साखर किती चमचे? उपवास कोणकोणते, आणि त्या दिवशी साबुदाणा किती? तेलाचा अंदाज कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा महिन्याला किती पिशव्या लागतात ते विचारायचं. चार माणसांच्या घरात चार लिटर संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ मिली झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे घटक तक्त्यांत मांडले. ते तक्ते हाताळताना कच्चं आणि शिजलेलं यात गल्लत करू नका. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात, शंभर ग्रॅम भातात जेमतेम त्याचा तिसरा हिस्सा.

आपली हद्दही ओळखता आली पाहिजे. इन्सुलिन किती घ्यायचं, रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनीच सांगायचं. ‘हे माझं काम नाही, डॉक्टरांना भेटा’ म्हणायला धीर लागतो. तो शिकतानाच अंगी बाणू दे.

पालकांना एक सरळ सांगते. नुसत्या पदवीवर रुग्णालयात काम मिळेल, हे गृहीत धरू नका. बहुतेकांना पुढे पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली उमेदवारी आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा हा रस्ता चालावा लागतो. २०२१च्या केंद्रीय कायद्यानं आहारतज्ज्ञांना संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांत घेतलं आहे, त्यामुळे प्रवेशाचे आणि नोंदणीचे ताजे नियम अर्ज भरण्याआधी वाचाच.

कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपुस्तकातल्या फोटोंवर जाऊ नका. प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. कोणत्या रुग्णालयात पाठवतात, किती आठवडे, तिथे विद्यार्थ्यांना रुग्णांशी बोलू देतात की नुसतं उभं करतात, अंगणवाडीत कधी नेतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा. त्या खरं सांगतात.