ब्रिक्स दिसतो, ग्लुकोज दिसत नाही

रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आम्ही फडात आलो की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, ब्रिक्स किती?" आकडा १८ च्या वर, शेंड्याचा नि बुडख्याचा जवळजवळ सारखा, म्हणजे ऊस पक्व. हे आता पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण हे यंत्र बघते काय? रसाच्या थेंबातून जाताना प्रकाश वाकतो. रस दाट तितका जास्त वाकतो. त्यावरून विरघळलेले पदार्थ किती ते कळते. त्यात साखर किती, ग्लुकोज किती, ते कळत नाही.

आणि नुकसान तिथेच लपते. तोडलेला ऊस फडात नाहीतर कारखान्याच्या आवारात उन्हात पडला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. पाणी उडाल्यामुळे ब्रिक्स मात्र पडत नाही, उलट चढतोसुद्धा! वजन घटले, उतारा घटला, आणि यंत्र म्हणते सगळे ठीक. गुऱ्हाळावरचा गुळव्या हे यंत्राशिवाय ओळखतो. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, ढेपेला पाणी सुटते.

उताऱ्याची किंमत थोडी नाही. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे.

ग्लुकोज वेगळे ओळखता येते. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजलाच धरते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, त्यामुळे रंग उमटतो, आणि त्या रंगावर प्रकाश टाकून चिप त्याची गडदता मोजते. मधुमेहाच्या पट्ट्याही आधी रंगावरच चालत; आता बहुतेक विजेच्या प्रवाहावर चालतात. उसाच्या रसात ग्लुकोज बरेच असते, त्यामुळे आधी रस पातळ करावा लागेल, एवढेच.

अशी तपासणी वजनकाट्याशेजारी व्हावी, असे माझे मत आहे. काही जण म्हणतील, उद्या याच आकड्यावर आमचे पैसे कापतील. भीती खोटी नाही. ऊस शिळा होतो तो बहुतेक वेळा टोळी, गाडी नाहीतर काट्यापुढची रांग यामुळे. शेतकऱ्याच्या हातात त्यातले काय आहे? म्हणून ग्लुकोजच्या आकड्याशेजारी तोडीची तारीख, वेळ आणि गाडी आवारात शिरल्याची वेळ छापलीच पाहिजे. चिप येईल तेव्हा येईल. या वेळा मात्र याच हंगामापासून स्लिपवर लिहून घ्या.