५० वर्षं कुंपणात अडकलेलं शहर: सायप्रसच्या वारोशाचं प्रकरण नेमकं काय आहे?

समोर निळाशार समुद्र, सोनेरी वाळू आणि किनाऱ्यालगत दहा-दहा मजली हॉटेलं. फक्त त्या हॉटेलांना खिडक्या नाहीत आणि गॅलरीतून झाडं उगवली आहेत. सायप्रसमधल्या फामागुस्टा शहराचा हा भाग म्हणजे वारोशा. पर्यटक इथे येतात, भाड्याच्या सायकलवरून फिरतात, फोटो काढतात. इमारतीत पाऊल टाकायला मात्र बंदी आहे.

हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. फामागुस्टाजवळ सलामिस नावाचं प्राचीन बंदर होतं. भूकंप झाले, बंदर गाळाने भरलं, सातव्या शतकात अरबांचे हल्ले झाले आणि लोक फामागुस्टाकडे सरकले. १२९१ मध्ये आक्रे शहर पडल्यावर तिथले ख्रिस्ती व्यापारीही इथेच आले आणि बंदर गब्बर झालं. पुढे व्हेनिसने भक्कम तटबंदी उभारली. इथल्या किल्ल्याला आज 'ऑथेल्लोचा बुरूज' म्हणतात, कारण शेक्सपिअरचं ते नाटक सायप्रसच्या बंदरात घडतं. देवलांचं 'झुंझारराव' ज्या नाटकावरून आलं, तेच हे.

१५७१ मध्ये ऑटोमन तुर्कांनी दीर्घ वेढ्यानंतर शहर घेतलं. सेंट निकोलस कॅथेड्रलची मशीद झाली. आणि ख्रिस्ती रहिवाशांना तटबंदीच्या बाहेर जावं लागलं. ते दक्षिणेला जिथे वसले, तेच वारोशा. नावाचा अर्थही उपनगर असाच आहे. म्हणजे आत तुर्की, बाहेर ग्रीक ही विभागणी १९७४ ची नाही, ती चारशे वर्षं जुनी आहे. बातम्यांमध्ये ही गोष्ट सहसा सुटते.

१९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला आणि वारोशाच्या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग लागली. एलिझाबेथ टेलरसारखे हॉलिवूडचे स्टार इथे यायचे असं सांगतात.

मग जुलै १९७४ उजाडला. ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसमध्ये बंड झालं, पाच दिवसांनी तुर्कस्तानने सैन्य उतरवलं. ऑगस्टमध्ये सैन्य फामागुस्टापर्यंत आलं तेव्हा वारोशातले हजारो ग्रीक सायप्रिऑट घरं सोडून पळाले. चार दिवसांत परत येऊ, असं त्यांना वाटलं होतं. (तेव्हा बेटावरच्या युनोच्या शांतिसेनेचे प्रमुख एक भारतीय होते, जनरल प्रेम चंद.) तुर्की सैन्याने भागाला कुंपण घातलं. लोकांना परत जाता आलं नाही.

सैन्याने तिथे वस्ती का केली नाही? कारण रिकामं वारोशा म्हणजे वाटाघाटीतला हुकमी पत्ता. १९८४ मध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेने ठराव ५५० मध्ये बजावलं की मूळ रहिवाशांशिवाय कुणालाही इथे वसवणं मान्य नाही. २००४ च्या अन्नान योजनेत तर वारोशा परत मिळणार होतं. पण सार्वमतात तुर्की सायप्रिऑटांनी होकार दिला आणि सुमारे ७६ टक्के ग्रीक सायप्रिऑटांनी नकार. योजनेतल्या इतर अटी त्यांना पटल्या नव्हत्या. पण त्या नकाराची किंमत वारोशाच्या घरमालकांनी मोजली.

ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तरेकडच्या प्रशासनाने किनारा आणि काही रस्ते खुले केले. या प्रशासनाला फक्त तुर्कस्तानची मान्यता आहे. आता मूळ मालकांसमोर अवघड पेच आहे. उत्तरेतल्या मालमत्ता आयोगाकडे दावा केला, तर घर किंवा भरपाई मिळण्याची शक्यता आहे. पण तसं करणं म्हणजे त्या प्रशासनाला मान्यता देणं, असं अनेकांना वाटतं. दावा न करावा तर वय थांबत नाही. १९७४ मध्ये तिशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यातच इस्लामी वक्फ संस्था म्हणते की ही जमीन मुळात आमचीच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तरेत तुफान एरहुरमान मोठ्या फरकाने निवडून आले. दोन वेगळी राष्ट्रं नकोत, संघराज्य हवं, असं मानणारे हे नेते. त्यामुळे चर्चेची दारं किलकिली झाली आहेत. पण सैन्य तुर्कस्तानचं आहे, आणि वारोशाचा निर्णय अंकाराशिवाय होत नाही.

तोवर मूळ मालकही पर्यटकांसारखेच चौकीतून आत जातात आणि दोरीच्या अलीकडून आपलं घर बघून परत येतात.